‘नैसर्गिक आहे, मग काय होतंय?’ : घरातले किडे, उंदीर आणि आपले घरगुती उपाय

एका पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमारास मी क्लिनिक बंद करत होतो. तेवढ्यात शिवाजी पेठेतलं एक कुटुंब अडीच वर्षांच्या मुलाला उचलून धावत आलं. मुलाला झटके येत होते. अंगात ताप नव्हता, आधी कधी फिट आलेली नव्हती, अर्ध्या तासापूर्वी तर पोरगं घरभर पळत होतं. झटका थांबवला, मोठ्या रुग्णालयात पाठवायची सोय केली आणि गाडी येईपर्यंत आजींना एकेक विचारत बसलो. काय खाल्लं? काही नाही. कुठली औषधाची बाटली, गोळ्या? नाहीत. मुलाच्या तोंडाला मात्र देवघरासारखा वास येत होता. शेवटी आजींनाच आठवलं. मुंग्या आणि झुरळं येऊ नयेत म्हणून त्यांनी दुपारी फडताळाच्या खालच्या कप्प्यात कापराच्या वड्या फोडून ठेवल्या होत्या. पोरानं खडीसाखर समजून तोंडात टाकल्या होत्या.

“पण डॉक्टर, कापूर तर देवाचा की! नैसर्गिक आहे, त्यानं काय होतंय?”

मूल वाचलं. तिसऱ्या दिवशी घरी गेलं आणि आता रस्त्यात भेटलं की हात हलवतं. पण आजींचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही, कारण तो एकट्या आजींचा नाही. मोबाइलवर दर आठवड्याला ‘झुरळं पळवण्याचे दहा नैसर्गिक उपाय’ येतात, आपण ते चार ग्रुपवर पुढे पाठवतो, आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचला की डबा उघडाच ठेवतो. विषारी औषध असतं तर आजींनी ते माळ्यावर ठेवलं असतं. कापूर होता म्हणून खालच्या कप्प्यात ठेवला.

मी घरगुती उपायांच्या विरोधात नाही. माझ्या घरी पेस्ट कंट्रोलवाला वर्षानुवर्षं आलेला नाही. पण माझं स्पष्ट मत आहे, की ‘नैसर्गिक की केमिकल’ हा प्रश्नच फसवा आहे. विचारायचे ते दोन वेगळेच प्रश्न. त्यानं किडा खरंच जातो का? आणि ती वस्तू घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या तोंडात गेली तर काय होईल?

झाडातून आलं म्हणजे गरीब असं नाही

आधी कापराचंच बघू. बाजारात मिळणारा बहुतेक कापूर आज झाडातून निघत नाही, टर्पेंटाइनपासून कारखान्यात बनतो. पण समजा झाडातून काढलेला असता, तरी फरक पडला नसता. रेणू तोच आणि परिणामही तोच. पोटात गेलेला कापूर फार पटकन रक्तात आणि तिथून मेंदूत पोचतो. झटके बऱ्याचदा पहिल्या तास-दीड तासातच येतात, कधी कधी पाच-दहा मिनिटांतसुद्धा. एखादा ग्रॅम कापूर दोन वर्षांच्या मुलाच्या जिवावर बेतू शकतो, म्हणजे एखाद-दुसरी लहान वडी. सर्दी झाली म्हणून बाळाच्या गळ्यात कापराची पुरचुंडी बांधायची पद्धत आहे, तीही या कारणासाठी बंद करा. बाळाच्या हाताला लागतं ते सगळं तोंडात जातं.

दुसरं उदाहरण तंबाखूचं. आपल्यापासून निपाणी काही लांब नाही, आणि तंबाखूच्या पाण्याचा उपाय या भागात जुना आहे. ढेकणांवर, कुंडीतल्या माव्यावर तंबाखू भिजवलेलं पाणी मारतात. किडे मरतात, खरं आहे. कारण निकोटिन हे झाडानं स्वतःला किड्यांपासून वाचवायलाच तयार केलेलं विष आहे. पण ते त्वचेतूनही अंगात शिरतं. ओल्या तंबाखूच्या पानांत राबणाऱ्या मजुरांना मळमळ, चक्कर, उलट्या होतात त्या याच कारणानं. ज्या गादीवर मूल झोपतं, तिच्यावर तंबाखूचं पाणी शिंपडून आपण नेमकं काय साधतो?

डासांच्या कॉइलचा उगमही फुलातच आहे. शेवंतीच्या कुळातल्या पायरेथ्रमच्या वाळलेल्या फुलांची पूड घालून जपानमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पहिल्या कॉइल बनल्या. आजची रसायनं त्याच घटकाच्या धर्तीवर कारखान्यात तयार केलेली आहेत. तेव्हा ‘आमचं फुलांचं, त्यांचं केमिकलचं’ ही भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही.

आणि कडुनिंब. त्याच्या बियांतल्या अझाडिरॅक्टिन या घटकानं किड्याची कात टाकण्याची क्रिया बिघडते, म्हणून शेतीत त्याचा उपयोग आहे. फडताळात ठेवलेल्या चार पानांनी झुरळ पळत नाही, पण पानं निरुपद्रवी आहेत, ठेवा हवं तर. तेल मात्र तसं नाही. कडुनिंबाचं तेल तान्ह्या बाळांना पाजल्यावर उलट्या, गुंगी, झटके आणि मेंदूला सूज आल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. बाटली औषधांच्या कपाटात नको, आणि ‘जंतांवर चमचाभर’ तर अजिबात नको.

वासानं कोण जातं?

तमालपत्र, लवंग, पुदिना, काकडीची साल, लसणाच्या पाकळ्या. यादी लांब आहे. यांतले काही वास किड्यांना आवडत नाहीत हे खरं. बंद बरणीत झुरळ आणि लवंगेचं तेल एकत्र ठेवलं तर झुरळ मरेलही. पण तुमचं स्वयंपाकघर बरणी नाही. उघड्या ओट्यावर तो वास काही तासांत उडून जातो, आणि झुरळ फार तर लवंगेपासून दोन फूट लांब, सिंकखाली, जिथं ओल आहे तिथं जाऊन बसतं. उंदरांना तर कुठल्याही वासाची चार दिवसांत सवय होते. (तीच गोष्ट प्लगमध्ये लावायच्या ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्राची. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्येच साठाहून जास्त उत्पादक आणि विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून पत्रं धाडली होती. आपल्याकडे ती यंत्रं अजून विकली जातात.)

मुंग्यांचं थोडं वेगळं आहे. मुंगीच्या रांगेचा रस्ता वासानंच आखलेला असतो. पहिली मुंगी गूळ सापडल्यावर परत जाताना जमिनीवर खूण सोडत जाते आणि बाकीच्या त्या खुणेवरून येतात. म्हणून हळदीची किंवा तिखटाची रेघ ओढली की रांग थोडा वेळ गोंधळते. पण साबणाच्या पाण्यानं ओला केलेला फडका त्याहून चांगला, कारण तो ती खूणच पुसून टाकतो. मुंग्या भिंतीच्या ज्या फटीतून येतात, तिथपर्यंत पुसत जा आणि फट पांढऱ्या सिमेंटनं बुजवा. साबणाचं पाणी झुरळावर थेट मारलं तर तेही मरतं, कारण त्याच्या अंगावरची श्वासाची छिद्रं बंद होतात. पाच रुपयांचा साबण, आणि मुलानं चाटलाच तर फार तर तोंड वाकडं करेल.

कोल्हापुरात घराघरात गुळाची ढेप असते, त्यामुळे मुंग्यांवर जुन्या बायकांनी केलेला एक उपाय मला फार आवडतो. मांडणीचे किंवा फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. मुंगीला पाणी ओलांडता येत नाही, विषय संपला. यात एकच गोम आहे, आणि ती आजीच्या काळी कुणाला माहीत नव्हती. त्या वाटीतलं आठ दिवस न बदललेलं पाणी डेंग्यूच्या डासाला अंडी घालायला अगदी पसंत पडतं. तेव्हा वाट्या दर आठवड्याला आतून घासा, किंवा पाण्यात मूठभर मीठ टाकत जा.

धूर नको, घासणी घ्या

डासांवर आपला लाडका उपाय म्हणजे धुरी. कडुनिंबाचा पाला, कापूर, ऊद, लसणाची सालं, गोवरी. संध्याकाळी दारं-खिडक्या लावून घरभर धूर करायचा. बाळंतिणीच्या खोलीत तर शेक-शेगडी आणि ओवा-बाळंतशोपांची धुरी पुष्कळ घरांत अजून होते. धुरानं डास थोडा वेळ बाजूला होतात. पण त्या धुरात सगळ्यात लहान फुप्फुसं बसलेली असतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चीन आणि मलेशियातल्या कॉइल तपासल्या होत्या. एक कॉइल जळताना जेवढे सूक्ष्म कण हवेत सोडते, ते ७५ ते १३७ सिगारेटींइतके निघाले. गोवरी-पाल्याचा धूर ‘सात्त्विक’ असला तरी कण हे कणच असतात. दम्याची मुलं असलेल्या घरातून मला पावसाळ्यात जे फोन येतात, त्यात “काल जरा धुरी केली होती” हे वाक्य इतक्या वेळा असतं की आता मी ते आधीच विचारतो.

शिवाय वेळेचाही घोळ आहे. डेंग्यूचा एडिस डास प्रामुख्यानं दिवसा चावतो, सकाळी आणि दुपार उतरताना. आपली धुरी दिवेलागणीला. तोपर्यंत त्याचं जेवण झालेलं असतं.

हा डास तुमच्याच घरात जन्मतो. गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात. आपल्या शहरात काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचं पाणी आलं, पण नळ कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून बॅरल भरून ठेवायची पिढ्यांची सवय गेलेली नाही, आणि ती लगेच जावी असंही मी म्हणणार नाही. बॅरलला घट्ट झाकण लावा, झाकण नसेल तर जुनी सुती साडी दुहेरी करून दोरीनं आवळा. आणि आठवड्यातून एक दिवस रिकामं करून आतून घासा. नुसतं ओतून देऊन चालत नाही. एडिस आपली अंडी पाण्याच्या कडेला, भिंतीला चिकटवतो, आणि ती कोरडी राहूनही महिनोन्महिने टिकतात. पुन्हा पाणी भरलं की अळ्या तयार. अंड्यापासून डास व्हायला आपल्या हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशोब. फ्रिजमागचा ट्रे, मनी प्लांटची बाटली, गच्चीवरचं टायर, गणपतीच्या वेळच्या मांडवावरची ताडपत्री यांच्याकडे बघायला विसरू नका. घासता न येणाऱ्या हौदात गप्पी मासे सोडा. माझ्या मते याहून नैसर्गिक उपाय दुसरा नाही. फक्त यात वास नाही, धूर नाही, म्हणून तो केल्यासारखा वाटत नाही.

वर्षाचं धान्य

या एका बाबतीत मात्र आजींचा शब्द शेवटचा. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर ज्वारी, गहू, तूरडाळ चांगली दोन-तीन उन्हं खाऊ घालायची. दाणा दाताखाली कट्ट वाजला की झालं. संध्याकाळी गरम धान्य लगेच पिंपात भरायचं नाही, गार होऊ द्यायचं, नाहीतर आत घाम धरतो. यात विज्ञान पक्कं आहे. किड्यांना दाण्यातला ओलावा लागतो. तो दहा टक्क्यांच्या खाली उतरला की बहुतेक किड्यांना वाढणं कठीण जातं, आणि कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर अळ्या-अंडीही मरतात. डाळीला एरंडेलाचा हात लावतात तेही बरोबर. भुंगा डाळीच्या पृष्ठभागावर अंडी घालतो, तेलाच्या पातळ थरानं त्या अंड्यांना हवा मिळत नाही. कांदा-लसूण चटणीत हिंगाचे खडे, धान्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला, ठेवा खुशाल. रवा आणि बेसन आणल्यावर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवलं तरी पोरकिड्यांची अंडी मरतात. हा उपाय आजीला ठाऊक नव्हता, पण तिला आवडला असता.

घात होतो तो उन्हाचा कंटाळा आल्यावर. फ्लॅटमध्ये गच्ची नाही, वेळ नाही, मग कुणीतरी ‘धान्यात ठेवायच्या गोळ्या’ आणून देतं. या गोळ्या म्हणजे बऱ्याचदा अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संबंध आला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. त्याला उतारा नाही. नियमाप्रमाणे ही गोळी सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोल करणारे यांच्यासाठी आहे, घरातल्या पिंपासाठी नाही. पिंप झोपायच्या खोलीत, खिडक्या पावसामुळे बंद, आणि रात्रभर वायू हळूहळू खोलीत भरत राहतो. सकाळी घरातल्या सगळ्यांना उलट्या, मळमळ, छातीत धडधड झाली की घरचे म्हणतात ‘जेवणातून बाधलं’. अशा वेळी खोलीत लसूण किंवा सडक्या माशासारखा वास येतोय का हे बघा, आणि आधी सगळ्यांना बाहेर काढा.

पाऱ्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या टिकड्या आणि तांदळाला चोळलेली बोरिक पावडर यांबद्दलही तेच. “तांदूळ दोनदा धुतो की आम्ही,” असं मला सांगतात. धुतलेल्या तांदळात किती उरली हे घरी कुणालाच मोजता येत नाही. घनसाळसारखा तांदूळ एवढा जपून आणायचा आणि मग त्याला किड्याचं विष चोळायचं!

आजींची पिशवी

त्या प्रसंगानंतर आठवड्यानं आजी माझ्याकडे एक कापडी पिशवी घेऊन आल्या. घरातलं सगळं ‘किड्यांचं’ त्यात भरून आणलं होतं. माझ्या टेबलावर ओतलं. मला वाटतं, तुम्हीही आज ही पिशवी भरून बघा.

डांबराच्या गोळ्या निघाल्या. ट्रंकेतल्या लुगड्यांसाठी. याच ट्रंकेत बाळाची जपून ठेवलेली झबली, दुपटीही असतात, आणि अडचण तिथंच आहे. काही मुलांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असतं. अशा बाळाला नॅफ्थलीनचा वास भरलेले कपडे घातले तरी तांबड्या पेशी फुटून कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. आपल्या मुलाला ही कमतरता आहे की नाही हे बहुतेक आईबापांना माहीत नसतं. बाळाचे कपडे डांबर गोळ्यांत ठेवू नका. ठेवलेले असतील तर धुऊन दोन दिवस कडक उन्हात आणि वाऱ्यावर टाका, मगच घाला. लुगड्यांसाठी वेखंडाच्या कांड्या बऱ्या. (गुटीतल्या वेखंडाबद्दल मला वेगळं भांडायचं आहे, ते पुन्हा कधीतरी.)

मुंग्यांचा खडू निघाला. पाटीवरच्या खडूसारखाच दिसतो, म्हणून पोरं त्यानं फरशीवर चित्रं काढतात आणि मग तेच हात तोंडात घालतात. त्यात पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं. माझ्या मते लहान मूल असलेल्या घरात या वस्तूला जागा नाही.

थंड पेयाच्या बाटलीत भरलेलं रॉकेल निघालं. ढेकणांसाठी, कधीचं राखून ठेवलेलं. ते मी टेबलावरून लगेच उचललं. तहानलेलं मूल बाटलीचा आकार ओळखतं, आतलं काय ते ओळखत नाही. रॉकेलचा एक घोट फुप्फुसात उतरला की न्यूमोनिया होतो. ढेकूण कुठलाही आजार पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही, तो फक्त झोप मोडतो. त्याच्यासाठी एवढी जोखीम? कपडे, चादरी कडक गरम पाण्यात धुवा, खाटेच्या सांध्यांत उकळतं पाणी ओता, गादी भर उन्हात पत्र्यावर टाका, आणि आठवड्यानं पुन्हा सगळं करा. पन्नास अंशांच्या वर ढेकूण टिकत नाही.

बोरिक पावडर निघाली, लोणच्याच्या जुन्या बरणीत, चिठ्ठी न लावता. झुरळांसाठी मी स्वतः हीच वापरतो, म्हणून नीट सांगतो. बोरिक पावडर, साखर आणि कणीक सारख्या भागानं घ्या, थोड्या दुधात मळून वाटाण्याएवढ्या गोळ्या करा. झुरळ ती खातं आणि काही दिवसांत मरतं. लगेच नाही, दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. पण तुमच्या मुलालाही ती गोड कणकेची गोळीच वाटणार. म्हणून ती गॅसच्या मागच्या फटीत, फ्रिजच्या मोटरजवळ, वरच्या माळ्यावर, काडेपेटीच्या कव्हरात घालून ठेवायची, आणि किती ठेवल्या ते मोजून लिहून ठेवायचं. रांगतं मूल असेल तर हा उपायसुद्धा वर्षभर पुढे ढकला. रात्री ओटा कोरडा करणं, सिंकखालची गळती बंद करणं आणि खरकटं झाकणं यानं अर्धी झुरळं जातात. पाणी तोडलं की झुरळाला फार दिवस काढता येत नाहीत. हे मी नुसत्या किळसेपोटी सांगत नाही. झुरळांची विष्ठा आणि झडलेली कात हे दमा वाढवणारे महत्त्वाचे ॲलर्जीकारक घटक आहेत.

आणि शेवटी पिशवीच्या तळातून उंदीर मारायच्या पेस्टची ट्यूब निघाली. अर्धी वापरलेली.

उंदीर

या ट्यूबबद्दल मी आजींशी जरा कडक बोललो. अशा काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. तो पोटात गेला की पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस पेशंटला चक्क बरं वाटतं. घरचे म्हणतात, वाचला. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ दिसते, यकृत निकामी व्हायला लागतं. याला ठरावीक उतारा नाही. तमिळनाडू सरकारनं अशा पेस्टवर बंदी घातली आहे. आपल्याकडेही ती व्हावी असं मला वाटतं, पण सरकारची वाट कशाला बघायची? पोळीला लावून कोपऱ्यात ठेवलेली पेस्ट मूल खातं हा एक धोका. दुसरा धोका आपण बोलत नाही. घरातलं कुणीतरी, बऱ्याचदा कोवळ्या वयाचं, भांडणानंतर रागाच्या भरात हाताला लागेल ते उचलतं. तास-दोन तासांनी राग उतरतो, पण फॉस्फरस तोवर पोटात असतो. ट्यूब घरात नसती तर तो क्षण टळला असता. (मनात असे विचार येत असतील तर ‘टेलि-मानस’ची १४४१६ ही सरकारी मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.)

उंदीर घालवायचे मात्र आहेतच, आणि कोल्हापूरकरांना ते सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहराच्या सखल भागात, चिखली-आंबेवाडीत, शिरोळ तालुक्यातल्या गावांत शिरलं तेव्हा बिळांतले उंदीरही माणसांसारखेच कोरड्या जागी आले. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस अशा वेळी डोकं काढतो. चिखलात, उसात, भातात अनवाणी काम केल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत जोराचा ताप, पोटऱ्या प्रचंड दुखणं, डोळे लाल होणं असं झालं, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना पाण्यात काम केल्याचं आवर्जून सांगा. वेळेवर साधं अँटिबायोटिक मिळालं तर हा आजार बरा होतो.

धान्य आणि उंदीर यांचं नातं किती जवळचं आहे, हे महाराष्ट्रानं १९९४ मध्ये पाहिलं. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यात पुष्कळ लोक धोकादायक घरं सोडून बाहेर राहिले. घरातलं धान्य आतच होतं. उंदरांना रान मोकळं मिळालं. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आधी पिसवांचा त्रास सुरू झाला आणि मग गाठीचा प्लेग दिसला. प्लेग उंदराच्या अंगावरच्या पिसवा पसरवतात, आणि उंदीर मेला की त्या पिसवा दुसरं गरम अंग शोधतात. म्हणून अचानक बरेच उंदीर आपोआप मरून पडायला लागले तर खूश होऊ नका, आरोग्य केंद्रात कळवा.

रोजच्या उंदरांसाठी पिंजरा किंवा चाप, आत भजी नाहीतर खोबऱ्याचा तुकडा, आणि मुख्य म्हणजे भोक बुजवणं. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान उंदीर येतो. भांडी घासायची तारेची घासणी फटीत कोंबून वर सिमेंट लावा, नुसतं सिमेंट ते कुरतडतात. लेंड्या कोरड्या झाडू नका, आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं भिजवा, मग हातमोजे घालून उचला.

तरीही कुणी काही खाल्लं तर

मीठपाणी पाजून उलटी काढू नका. रॉकेल आणि कापराच्या बाबतीत उलटीनंच जीव जाऊ शकतो, कारण उलटी फुप्फुसात उतरते. दूध-तूप तर मुळीच पाजू नका. आपल्याकडे ‘विषावर दूध’ हा समज पक्का आहे, पण डांबर गोळी आणि फॉस्फरस स्निग्ध पदार्थात विरघळतात आणि उलट लवकर अंगात भिनतात. तोंडात उरलेलं बोटानं काढा, चूळ भरता येत असेल तर भरायला लावा, अंगावर सांडलं असेल तर कपडे काढून साबणानं धुवा. १०८ ला फोन करा. दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८०० ११६ ११७ या क्रमांकावर मोफत सल्ला देतं, हा नंबर फ्रिजवर लावून ठेवा. आणि रुग्णालयात येताना ती ट्यूब, पुडी, बरणी, जे काही असेल ते सोबत आणा. त्या रात्री आजींना कापूर आठवला नसता, तर आम्ही मेंदूज्वर शोधत बसलो असतो.

परवा आजी पुन्हा आल्या होत्या, गुडघ्यासाठी. कापूर आता देवघराच्या वरच्या फळीवर पितळी डब्यात असतो, म्हणाल्या. जाता जाता दारात थांबल्या. “डॉक्टर, आणि पालींचं काय? अंड्याची टरफलं टांगू का?”

पालींना राहू द्या, म्हटलं. त्या तुमची झुरळं खातात.